चादरीचे दुसरे टोक

त्या मावशींचे नाव विचारायचे राहूनच गेले. मानसिक संकटातल्या माणसांना काही दिवस आधार देणाऱ्या सोलापुरातल्या त्या निवासात त्या एका रात्रीपुरत्या बदली मदतनीस म्हणून आल्या होत्या. समुपदेशक म्हणून माझी ती पहिलीच रात्रपाळी. शिकलेले सारे वापरून पाहायला मी अधीर होते.

दोनच्या सुमारास निवासात राहणारा वळसंगचा एक तरुण बाहेर जायला दाराशी आला. "मला जाऊ द्या." बाहेर पडला तर तो जिवाचे काही करून घेईल, ही भीती खरी होती. मी प्रश्नावली उघडली. तो अधिकच चिडला.

तेवढ्यात पावलांचा आवाज न करता मावशी धुतलेल्या चादरी घेऊन आल्या. "लेकरा, एकटीला घडी जमत न्हाय. टोक धर की."

त्याने धरले. दोघे जवळ येत, टोके जुळवत, पुन्हा मागे सरत. ढीग संपला, तसे मावशींनी कपाटातल्या चादरींच्या घड्या मोडून त्या पुढे केल्या. त्याचा श्वास संथ होत होता, आणि माझ्या छातीत आनंदाची धडधड!

"ताई, इचारायचं ते सकाळी इचारा," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "आत्ता त्याचे हात गुंतू द्या."

"मावशी, हिची घडी आधीच होती की," तो म्हणाला.

"कळलं व्हय तुला?"

"मगाशीच."

आणि तो पहिल्यांदा हसला. टोक मात्र त्याने सोडले नाही.