मागच्या सीटचे मिस्त्री

गाडी दुकानासमोर उभी राहिली की मिस्त्री बॉनेटकडे बघायचेही नाहीत. चपला बाहेर काढायचे, मागचं दार उघडायचे आणि मधल्या सीटवर जाऊन बसायचे. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर. नाशिकला निघालेल्या माणसासारखे.

"मिस्त्री, काय झालंय ते सांगू का?"

"आदी बसू तरी द्या."

पहिल्या वेळी मला वाटलं, दमले असतील. पाच मिनिटं झाली तरी उठेनात, तेव्हा मी घड्याळ बघितलं. पुढे सवय झाली. तुमच्याही ओळखीत असा एखादा कारागीर असेल, ज्याला बघून पहिल्यांदा आपण चुकीच्या जागी आलो असं वाटतं.

त्यांचं दुकान वसईच्या गोखिवऱ्यात होतं, लेथच्या वर्कशॉपला लागून. पाटीवर 'कार टेप, एसी, सेंट्रल लॉक' असं लिहिलेलं होतं आणि त्यातला 'एसी' पांढऱ्या रंगाने पुसला होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "एसीचा नि माझा जमला नाय." स्वतः मिठागराकडच्या गावातले. नाव सगळ्यांना माहीत होतं, पण हाक मारताना कोणी ते वापरत नसे. ते मला 'बाय' म्हणायचे. माझ्या वयाच्या बाईला त्यांच्या गावात तसंच म्हणतात, आणि माझी काही तक्रार नव्हती.

तेव्हा माझ्याकडे दोन गाड्या होत्या, भाड्याने द्यायच्या. नवरा बँकेत, गाड्यांचं सगळं मी बघायचे. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. पार्ट्या फोनवर पहिला प्रश्न विचारू लागल्या, "गाडीत टीव्ही आहे का?" ब्रेकबद्दल आजवर मला कोणी विचारलेलं नाही. शेवटी मोठ्या गाडीच्या छताला मी स्क्रीन बसवून घेतली. बसवली मिस्त्रींनीच, आणि बसवताना मला समोर उभं करून समजावली. मी म्हटलं, मला कशाला? तर म्हणाले, "बिघडल्यावर तुमीच वरडनार. मग तुमाला ठावं नको?"

पुढच्या सीटखाली प्लेअर. तिथून तीन वायरी गालिच्याखालून मागे आणि दाराच्या खांबातून वर छतात. पिवळ्या वायरीतून चित्र, लाल नि पांढरीतून आवाज. वीज वेगळी, बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी. छतात स्क्रीन, बिजागरीवर खाली ओढायची.

"चित्र कुठवर आला नि कुठं थांबला, येवढाच बगायचा," ते म्हणाले. "बाकी सगळा नाटक."

त्यासाठी त्यांच्याकडे तीन वस्तू होत्या. दोन वायरी जोडलेला एक बल्ब, वीज आहे की नाही ते बघायला. गाडीच्या बॅटरीवर चालणारा एक छोटा काळा-पांढरा टीव्ही. आणि एका लग्नाची सीडी.

या लग्नाशी मिस्त्रींचा काही संबंध नव्हता. कुणीतरी प्लेअर दुरुस्तीला दिला, त्यात सीडी राहिली आणि न्यायला कोणी आलं नाही. दहा वर्षं गोखिवऱ्यात सगळ्या गाड्यांची परीक्षा त्या लग्नावर झाली. नवरी हार घालताना चित्र अडकलं तर प्लेअरचं भिंग पुसायचं. सनई फाटली तर आवाजाची वायर. नवऱ्याच्या मामाचा कोट निळ्याऐवजी हिरवा दिसला तर स्क्रीनमध्ये काहीतरी. मामाचा कोट मूळचा निळा, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. मी माझ्या नात्यातली काही लग्नं इतक्या बारकाईने पाहिलेली नाहीत.

ते प्रश्न विचारायचे डॉक्टरसारखे. वळणावर बंद पडतो की सरळ रस्त्यावर? एसी चालू असताना की बंद? मागे कोण बसलं होतं? लोक वैतागायचे. एकदा बोळिंजचे एक गृहस्थ नवी गाडी घेऊन आले. बिनवायरचे हेडफोन संध्याकाळी खरखरतात, सकाळी चांगले असतात, म्हणाले. विकणाऱ्याने दोनदा बदलून दिले होते. मिस्त्रींनी त्यांना संध्याकाळी पाच वाजता बोलावलं, मागे बसले आणि खिडकीवर हात आडवा धरला. खरखर थांबली. हात काढला, पुन्हा सुरू.

"ह्याच्यात आवाज उजेडानी येतो. टीव्हीच्या रिमोटसारका. आपल्याला दिसत नाय तो उजेड. उन्हाचा उजेड त्याच्यावर पडला की त्याला काय कळत नाय."

"मग दुरुस्ती काय?"

"पडदा लावा."

त्या गृहस्थांना हे आवडलं नाही. गाडी दुरुस्तीला न्यावी आणि पडदा लावा म्हणून परत यावं, हे कोणालाच आवडत नाही.

आता माझ्या गाडीचं सांगते. त्यात माझी शोभा नाही, पण मिस्त्रींचं खरं काम तेच.

माझ्याकडे दोन चालक होते. एक माझा धाकटा दीर सायमन. दुसरा वामन, गोखिवऱ्याचा, माझ्याकडे सहा वर्षं. घरी दोन मुली, एकीचं बारावीचं वर्ष. कमी बोलणारा, गाडी स्वच्छ ठेवणारा. मोठी गाडी दोघं आलटून पालटून न्यायचे.

त्या एप्रिलमध्ये स्क्रीन रस्त्यात बंद पडू लागली. पार्टी चिडून फोन करायची. संध्याकाळी गाडी परत आली की स्क्रीन व्यवस्थित चालू. असं चारदा झालं. चारही वेळा गाडीवर वामन होता. सायमनच्या दिवशी एकदाही नाही.

"वहिनी, माझ्या हातात कधी बंद पडली?" सायमनने विचारलं.  

मला आठवलं, स्क्रीन बसवली तेव्हा वामन म्हणाला होता, "मॅडम, मागं पिक्चर चालू असला की हॉर्न ऐकू येत नाही." झालं. मी दोन आणि दोन चार केले. याला टीव्ही नको आहे, हा हळूच वायर ओढतो आणि घरी येताना परत लावतो. मी त्याला तसं तोंडावर विचारलं.

"मी हात लावला नाही, मॅडम," तो म्हणाला. एवढंच. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

कबूल कर, नाहीतर दुसरीकडे काम बघ, म्हणून मी त्याला शनिवारपर्यंतची मुदत दिली. विरारच्या एका चालकाला सोमवारी येऊन जा म्हणून कळवलंही. ही बातमी वामनला त्याच दिवशी कळली असणार. वसईत चालकांच्या बातम्यांना फोन लागत नाही.

गुरुवारी मी गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेले. म्हटलं, "दुरुस्तीचं मागनं बघू. आधी मला सांगा, ही वायर कोणी ओढतंय की नाही. कागदावर लिहून द्या."

मिस्त्री मागे बसले होते. तिथूनच म्हणाले, "वायर बगितल्याबिगर मी वायरीचा पन काय सांगत नाय. मानसाचा कसा लिवून देऊ?"

त्यांनी फ्यूज बघितला. गालिचा उचलून वायरी बोटाने चाचपत छतापर्यंत गेले. सांधे घट्ट होते. लग्नाची सीडी घातली, नवरीने हार घातला, मामा निळ्या कोटात फिरला. सगळं उत्तम.

"हितं बिघडनार नाय," ते म्हणाले. "उद्या दोगांना बोलवा. आनि वामनला म्हनावा, भाड्याला जाताना सकाळी जे जे करतो ता सगळा करून गाडी आन."

शुक्रवारी सकाळी वामन गाडी पुसून, अगरबत्ती लावून घेऊन आला. मिस्त्री मागे बसले. मांडीवर छोटा टीव्ही, त्याची वायर प्लेअरला जोडलेली. बल्बच्या वायरी छतात, स्क्रीनला वीज जाते तिथे. म्हणजे एकच लग्न दोन ठिकाणी लागलेलं, छताला रंगीत आणि मांडीवर काळं-पांढरं. त्यांच्या शेजारी सायमन. मी पुढे बसले. कशासाठी ते उघड होतं. मला वामनचे हात बघायचे होते.

हायवेपर्यंत काही झालं नाही. परत येताना कारखान्यांच्या रस्त्याला वळलो. तो रस्ता तेव्हा रस्ता म्हणण्यासारखा नव्हता. दुसऱ्या खड्ड्याला सायमन म्हणाला, "गेला."

वामनचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यानेही पाहिलं.  मांडीवरच्या टीव्हीत सनई चालू होती.

"थांबवा जरा," मिस्त्री म्हणाले. मग जणू वर्गात शिकवतात तसं, शांतपणे: "ह्या टीव्हीवर नवरी चालते. म्हंजे प्लेअर चांगला. पिवळी वायर चांगली. बल्ब पेटलेला हाय, म्हंजे वीज पन येते. सगळा येतोय, तरी ही बया बंद. म्हंजे हिला कोनीतरी सांगतोय, तुजा काम झाला."

मी म्हटलं, "कोण सांगणार?"

त्यांनी बिजागरीकडे बोट केलं. "ही वर दुमडली की आपसूक बंद होते ना? कशी होते? आत बटन हाय. दुमडल्यावर दाबला जातो."

ते सीटवर गुडघे टेकून उठले आणि टॉर्चच्या उजेडात बिजागरीच्या फटीत बघत राहिले. बराच वेळ. मग माझ्याकडे वळले.

"बाय, ह्याला तुमीच हात लावा."

फटीत झावळीचा क्रूस होता. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आम्ही ख्रिस्ती लोक देवळातून, म्हणजे चर्चमधून, आशीर्वादित झावळी आणतो, तिचे क्रूस विणतो. एक घरच्या देव्हाऱ्यात, एक दारावर. उरलेला एक मी गाडीत खोचला होता, प्रवासाचं रक्षण व्हावं म्हणून. आरशाला लावला तर समोरचं दिसेना, म्हणून छतात. मी स्वतः. त्या रविवारपासून तीन आठवडे झाले होते, आणि स्क्रीन बिघडायला लागूनही जवळपास तेवढेच. हे मला त्याआधी सुचलं नव्हतं.

मी क्रूस बाहेर ओढला. वाळून कडक झालेलं शेपूट फटीत खोलवर गेलेलं होतं. खड्डा आला की ते बटणावर बसत असणार, आणि स्क्रीन दुमडून पुन्हा उघडली की सुटत असणार.

"पण माझ्या दिवशी का नाही होत?" सायमनने विचारलं.

वामन पहिल्यांदा बोलला. त्याने मागे वळून बघितलंही नाही. "सायमनभाऊ क्रूस काढून समोर डॅशबोर्डवर ठेवतात. मागच्यांच्या डोक्याला लागतो म्हणून. मी सकाळी गाडी पुसताना परत जागेवर खोचतो. चांगला आतपर्यंत. खाली पडून कुणाच्या पायाखाली यायला नको."

 सायमन खिडकीबाहेर बघू लागला. लहानपणापासून वेदीसेवक, म्हणजे चर्चमध्ये मिस्साला फादरांच्या हाताखाली उभा राहणारा माणूस.

मिस्त्रींनी स्क्रीन खाली ओढली. नवरी परत आली. त्यांनी गाडी त्याच रस्त्यावरून आणखी दोनदा न्यायला लावली. दोन्ही वेळा नवरीने हार घातला आणि मामा पडद्यावरून निघून गेला.

दुकानाशी उतरताना मी मिस्त्रींना विचारलं, "आता हा कुठे लावू?"

"कुटं बी लावा. बिजागरीत नको. देवाला काय, कुटूनबी दिसता."

मी क्रूस माझ्या पर्समध्ये ठेवला. वामनला काय बोलावं याचा मी थोडा विचार केला. त्याची माफी मागायला हवी होती हे मला कळत होतं. मी म्हटलं, "उद्या नाशिकची पार्टी आहे. सहाला निघायचं."

"हो, मॅडम," तो म्हणाला.

विरारच्या चालकाला मी त्याच दुपारी कळवलं, येऊ नका. हे मी मोठेपणाचं सांगत नाही. मिस्त्रींनी गुरुवारी मला हवा तो कागद लिहून दिला असता तर मी तो वामनसमोर धरला असता, आणि आज मला खात्री असती की मी बरोबर होते.

पुढे काही वर्षांत छतातल्या स्क्रीन गेल्या. पार्ट्या आपापले फोन घेऊन बसू लागल्या, आणि टीव्ही आहे का, असं विचारणंही थांबलं. आता चार्जर आहे का, विचारतात. मिस्त्रींकडे गाड्या कमी झाल्या. ते रिव्हर्स कॅमेरे बसवायचे, पण त्यात मन नव्हतं. कॅमेरा मागच्या सीटवरून दिसत नाही.

ते गेले तेव्हा मी पुण्याला बहिणीकडे होते. परत आले तर मोठी गाडी दारात उभी होती आणि तिच्या चारही चाकांना खाडीकाठच्या खाजणातला काळा चिखल लागला होता. मागच्या सीटवरही चिखल. वामन बादली घेऊन आला.

"मॅडम, मिस्त्री गेले काल. त्यांच्या गावातून स्मशान लांब आहे. गाडी नेली होती." बादली खाली ठेवून म्हणाला, "विचारलं नाही तुम्हाला."

सहा आणि त्यानंतरची पाच वर्षं, यात त्याने न विचारता गाडी कधी हलवली नव्हती.

"बरं केलंस," मी म्हटलं. "किती जण बसले?"

"अकरा."

गाडीला परवानगी आठ जणांची आहे. मी पर्स घरात ठेवली आणि दुसरी बादली घेऊन आले.