कॉम्प्युटर घेऊन रोह्याला

लोक रोह्याला कुंडलिका नदी बघायला जातात. मी गेले मांडीवर कॉम्प्युटर घेऊन. लॅपटॉप नव्हे, जुन्या काळचा, सुटकेसएवढा लोखंडी डबा.

झालं असं की, पेणच्या आमच्या शाळेने अडगळीची खोली रिकामी करायला काढली आणि भंगारात मला शाळेचा पहिला कॉम्प्युटर दिसला. मी नोकरीला लागले त्याच वर्षी आलेला. त्याला हार्ड डिस्क नव्हतीच. सकाळी फ्लॉपी भरवली की तो जागा व्हायचा. खोलीबाहेर चपला काढायचा नियम माझा, कारण धुळीतून व्हायरस शिरतो असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. मी विज्ञान शाखेची पदवीधर आहे, हेही सांगून ठेवते.

काही महिन्यांतच तो बंद पडला. शिपाई गोविंदमामांनी ओल्या फडक्याने पुसला असणार, असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं. मामांच्या कमरेला सगळ्या शाळेच्या किल्ल्या असायच्या, त्यातली त्या खोलीची काढून घेतली. "फडकं कोरडं होतं, बाई," एवढंच मामा बोलले. ते निवृत्त होऊन आपल्या गावी, कासूला गेले, तरी नव्या शिक्षकांना ही गोष्ट अजून हसत हसत सांगितली जाते. येत्या मार्चमध्ये मीही निवृत्त होतेय. त्याआधी मला एकदा खात्री करायची होती की मी खरं बोलले होते. असले जुने डबे अजून उघडणारा माणूस रोह्यात आहे, असं कळलं.

रामवाडीहून रिक्षाने स्टेशन गाठलं. रोह्याच्या गाड्या मोजक्याच आहेत, वेळ बघूनच निघा. तिकीट मात्र नाश्त्यापेक्षा स्वस्त. डबा अर्धा वेळ माझ्या आणि अर्धा वेळ नवऱ्याच्या मांडीवर. समोरच्या मावशींनी विचारलं, "काय गो, ओव्हन हाय काय?"

"कॉम्प्युटर," नवरा म्हणाला.

"एवढा? मग मोबाईल का नाय घेत?"

त्यांच्या हातातल्या फोनमध्ये आमच्या शाळेचे असले हजारो मावले असते. त्यामुळे मी खिडकीबाहेर बघितलं.

रोह्याच्या बाजारात आधी मिसळ खाल्ली, मग दुरुस्तीवाल्या रफिकभाईंचं दुकान शोधलं. मी वर्षानुवर्षं पुस्तकातून शिकवलेला संगणकाचा इतिहास तिथे फळ्यांवर धूळ खात होता: पोट सुटलेले मॉनिटर, कर्कश प्रिंटर, फ्लॉपीचे खोके. "टाकून कसं चालंल?" रफिकभाई म्हणाले. "धाटावच्या एका कंपनीत वजनकाट्याला अजून असलाच हाय. मागून आलेले तीन मेले, ह्यो मरत नाय."

त्यांनी डबा उघडला, फ्लॉपीचा खण काढून पेपरवर उपडा केला. लालसर तांदूळ पडले. चांगले चमचाभर.

"मॅडम, याला जेवायला कोण घालत होतं?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. दसऱ्याची पूजा मीच केली होती. हळद, कुंकू, झेंडूचा हार. आणि अक्षता थेट तोंडात, कारण उघडी जागा तेवढीच दिसली. "पाणी कुठंच लागलेलं नाय," रफिकभाईंनी वर आणखी सांगितलं. ब्रश फिरवून त्यांनी स्वतःची फ्लॉपी घातली. घरघर झाली आणि दुकानातल्या पडद्यावर हिरवं अक्षर उमटलं. मला आनंद झाला नाही. लाज वाटली.

परतताना कासूला उतरलो. मामा ओटीवर होते. मी डबा खाली ठेवला आणि म्हटलं, "मामा, हा मी बिघडवला होता."

"व्हय. मी दारातच होतो की. मुठीनं तांदूळ घातलेत."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी नव्या होता, बाई. पर्मनंट व्हायचं होतं. मी पर्मनंट होतो."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मामांचं लक्ष डब्याकडे होतं. "मी कधी लावला नाय. दाबू काय बटण?" स्वतःच्याच ओटीवर त्यांनी चपला बाजूला काढल्या, हात सदऱ्याला पुसले आणि बटण दाबलं. पडदा नव्हता, त्यामुळे दिसलं काहीच नाही. पंखा फिरला, एक शिट्टी वाजली.

"बोलला," मामा म्हणाले, आणि आत वळून बायकोला हाक मारली, "फडकं आण गो."

"ओलं नको," मी सवयीने बोलून गेले. मग तिघेही हसलो.

कॉम्प्युटर कासूलाच राहिला. आम्ही हायवेवरून एसटीने रिकाम्या हाताने पेणला आलो. मार्चमधल्या माझ्या निरोप समारंभाला मामांना बोलावलंय, तिथे हे सांगणार आहेच. पण आमच्या शाळेतलं कुणी आधीच हे वाचत असेल, तर ती गोष्ट आजपासून अशी सांगा: तांदूळ माझे होते. फडकं कोरडं होतं.