शेवटी विचारायचं यंत्राला

मीरा, तुझ्याबद्दल लिहू नये असं तू बजावलंस. ऐकलं, आणि तरी लिहिते आहे. घाटकोपरच्या आपल्या सोसायटीत निम्म्या बायकांना अजून वाटतं, तू अंधेरीला मोबाइल दुरुस्त करतेस. त्यांना एकदा नीट कळू दे, म्हणून परक्या कुणाची सांगावी तशी तुझी गोष्ट सांगते.

मीरा कांबळे अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत नौदलाचं काम करायची. समुद्रावरची होडी साधी की घातकी, हे यंत्र कॅमेऱ्यातून पाहून सांगणार आणि पुढे काय करायचं ते पडद्यासमोरचा माणूस ठरवणार. त्या दोघांचा संसार लावून देणं हे मीराचं काम.

पहिल्याच चाचणीत वाट लागली. यंत्राने लाल चौकट काढली, ‘संशयास्पद’, आणि पडद्यासमोरच्या केतनने लगेच होकाराचं बटण दाबलं. निघाला जाळं ओढत रेंगाळणारा मच्छीमारांचा ट्रॉलर. नशीब, सगळं सरावातलं होतं.

“अरे, जाळं दिसलं नाही तुला?” मीराने विचारलं.

“दिसलं ना.”

“मग?”

“त्याने एवढं ठासून सांगितलं गं. म्हटलं, साहेबाला कशाला खोटं पाडा!”

नौदलाचे कमांडर श्यामसुंदर यांनी महिन्याची मुदत दिली. सुधारा, नाहीतर काम बंद. बंद म्हणजे मीराची अख्खी टोळी घरी. मालक म्हणाला, चौकट आणखी मोठी करा. मीराचं डोकंच फिरलं. रोग एक, औषध भलतंच!

रविवारी घरी मटण शिजत होतं. तिचे वडील कुंडलिकराव एकदा “झकास” म्हणाले, की मीठ कमी आहे म्हणायची घरात कुणाची छाती नसे. म्हणून तिची आई अंजनाबाई रस्सा आधी सुनेच्या तळहातावर घालायची, मग मीराच्या, आणि नवऱ्याच्या सर्वांत शेवटी. इतकी वर्षं मीरा हे बघत आली होती. त्या दिवशी रस्सा चाटता चाटता ती थबकली.

“आई, यंत्राला शेवटी विचारायचं!”

“कुणाला? तू आधी मीठ सांग.”

नव्या रचनेत माणसाने आपलं मत आधी द्यायचं, तोवर यंत्र गप्प. मतं जुळली नाहीत तर यंत्राने कारण दाखवायचं आणि माणसाने पुन्हा नीट बघायचं.

“यात वेळ जातो,” कमांडर गुरगुरले.

“चुकीची होडी बुडवून चौकशी करण्यापेक्षा कमी जातो, सर.”

दुसऱ्या चाचणीत केतन म्हणाला, “मच्छीमार.” यंत्र म्हणालं, संशयास्पद; होडीवर जाळंच नाही. केतनने पुन्हा पाहिलं. “च्यायला, खरंच की!” पुढच्या होडीला यंत्र फसलं आणि केतन बरोबर निघाला. कमांडर पहिल्यांदाच हसले.

“हे दोघं चांगलेच भांडतात हो.”

“भांडू दे, सर. एकमेकांना माना डोलवत बसले तर एकच पुरे होता.”

काम मंजूर झालं. तेच यंत्र आता खऱ्या जहाजावर बसवायचं, म्हणून मीराची रवानगी लगोलग कारवारला. त्याच शनिवारी आपण दोघी वर्सोव्याला सुके बोंबील आणायला जाणार होतो. तू बॅग भरत बसलीस, आणि ते बोंबील अजून आणायचेच आहेत.