काळ्या पेटीतली हळद

शिरूर ठाण्यात असताना हाताळलेले बरेचसे गुन्हे आता पुसट झाले आहेत. रांजणगावच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतली चोरी मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते.

चोरीला गेले होते अठरा लाखांचे एक यंत्र. लहान फ्रिजएवढी काळी पेटी. प्रथिनांच्या नमुन्यांवर विशिष्ट रसायन टाकले की अगदी मंद प्रकाश निघतो, डोळ्यांना न दिसणारा. तो पूर्ण अंधारात टिपणारा कॅमेरा त्या पेटीत होता. सुट्टीच्या दिवशी ती गेली आणि गेटवर ड्युटीला होते कारेगावचे एक वयस्कर पहारेकरी. त्यांना सगळे चाचा म्हणत.

चाचांचा जबाब एवढाच होता. "दुरुस्तीवाला नेहमीचा हाय, साहेब. मशीन रिपेरीला नेतो म्हनला, मी गेट उघडलं."

तो नेहमीचा दुरुस्तीचा ठेकेदार म्हणाला, मी त्या दिवशी रांजणगावात आलोच नव्हतो. मॅनेजरांनी चाचांना कामावरून काढले आणि माझ्यामागे लागले. "अटक दाखवा. दोन दिवस आत ठेवलं की बोलेल."

चाचा मला म्हणाले, "बारा वर्सं गेटवर काढली. चोर ठरलो तर उद्या कुणी म्हशी राखाया बी ठेवनार न्हाई."

खोटे बोलणारा जबाबात रोज काहीतरी भर घालतो, असा माझा अनुभव. तीनदा विचारूनही चाचांच्या जबाबात एक शब्द वाढला नाही. मी अटक दाखवली नाही.

आठवड्याने दौंडहून खबर आली. खबऱ्या टेम्पो चालवायचा. "जुन्या मशिनी विकनाऱ्या शेठनं काळा डबा गोधडीत गुंडाळून ठेवलाय. भंगाराला कुनी गोधडी घालतं व्हय?"

पंच घेऊन छापा टाकला. पेटी मिळाली, पण नंबरची पट्टी खरवडलेली आणि बाहेरून रंग नवा. शेठ गादीवरून उठलासुद्धा नाही. "दिल्लीचा माल हाय, साहेब. असली मशीन काय एकच बनती? ही तुमचीच कशावरून?"

प्रश्न बिनतोड होता. ओळख पटली नसती तर पेटी शेठला परत करावी लागली असती आणि चाचांवरचा डाग कायम राहिला असता.

ओळख पटवायला प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम आणि त्यांच्या हाताखालच्या तंत्रज्ञ बाई ठाण्यात आल्या. एखादी खूण आठवते का, असे मी विचारले. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. तंत्रज्ञ बाई खाली बघत राहिल्या.

"बोला ताई, घाबरू नका."

"मॅडम रागावतील."

"आणखी काय रागावणार? खंडेनवमीला झालंय की सगळं," मॅडम म्हणाल्या आणि मध्येच थबकल्या. "साहेब, हळद. आत हळद आहे."

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. या बाईंनी पेटी उघडून आतल्या चौकटीवर हळदीची बोटे ओढली होती. मॅडमनी त्यांना फैलावर घेतले होते, कारण त्याच यंत्रात काही फोटो अतिनील दिव्याखाली काढतात आणि त्या दिव्यात हळद चमकते. पुसूनही डाग गेला नाही आणि पुढचा फोटो बिघडला. तो बिघडलेला फोटो प्रयोगशाळेच्या संगणकात अजून होता.

प्रयोगशाळेचा संगणक ठाण्यात आणून पंचांसमोर पेटी त्याला जोडली. शेठला पुढची खुर्ची दिली. मॅडमनी पेटीचे दार लावून आतला अतिनील दिवा सुरू केला, फोटो घेतला. पडद्यावर चार बोटे उमटली, तिसरे मध्येच तुटलेले. शेजारी जुना फोटो लावला. तीच चार बोटे, तिसरे त्याच जागी तुटलेले.

आमचे हवालदार शांतपणे म्हणाले, "शेठ, दिल्लीत बी खंडेनवमी करत्यात व्हय?"

शेठने पाणी मागितले. पेला रिकामा व्हायच्या आत ठेकेदाराचे नाव बाहेर आले आणि संध्याकाळी ठेकेदार लॉकअपमध्ये होता. कोणावरही हात उगारावा लागला नाही. इतका स्वच्छ पुरावा मला नोकरीत क्वचितच मिळाला.

चाचांना आत टाकले असते तर तपास झाला असे सगळ्यांनीच मानले असते आणि दौंडकडे कोणी बघितलेच नसते. साध्या माणसाचा साधा जबाब खरा धरून शेवटपर्यंत चालत जाणे, हाही तपासच असतो. हे मी त्या गुन्ह्यात शिकलो.

कोर्टाच्या हुकमाने पेटी परत द्यायला गेलो, तेव्हा चाचा पुन्हा गेटवर होते. मागचा पगारही त्यांना मिळाला होता. जीप बघून ते सलाम ठोकतील असे वाटले. त्यांनी हात आडवा केला.

"मागचं दार उघडा, साहेब. आता बघितल्याबिगर कुनालाच सोडत न्हाई."

मी खाली उतरलो आणि स्वतःच्या हाताने दार उघडले.