गाडा जुपणारे हात

बबनराव केंद्रात आले की बसायच्या आधी दोन्ही हात माझ्यापुढे धरायचे. तळवे खाली, बोटं फाकलेली. "बघा ताई, आज कसं हायत?" बोटं थरथरत असायची. मी खरं तेच सांगायचे, कारण खोटं त्यांना लगेच ओळखू यायचं. इतकी वर्षं स्वतःच बोलत आले होते ना!

मी समुपदेशक आहे त्या चिखलीतल्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात कुणाला भरती करून घेत नाहीत. माणूस घरी राहतो, कामावर जातो आणि ठरलेल्या संध्याकाळी आमच्याकडे येतो. बबनराव निघोज्याचे, चाकणकडच्या एका कंपनीत कामाला. पहिली शिफ्ट सुटली की त्यांची बायको संगीता त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणायची. "गाडी हिची, ब्रेक बी हिचाच," असं ते सगळ्यांना कौतुकानं सांगत.

पहिल्याच भेटीत उपचारातून काय साधायचं ते ठरवावं लागतं. दारू बंद, झोप नीट, घरात शांतता, असं मी सवयीनं सांगायला लागले, तर ते मला अडवून म्हणाले, "ते तुमचं झालं ताई. माझं येगळं हाय. मला यात्रेत आमचा गाडा जुपायचाय."

बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, उसळणारे बैल जुपायचे आणि गाडा सुटेपर्यंत धरून ठेवायचे, हे त्यांच्या घरातलं मानाचं काम. एका यात्रेत त्यांच्या थरथरत्या हातांतून कासरा सुटला आणि पाखऱ्या बैल थेट गर्दीत शिरला. नशिबानं कुणाला लागलं नाही. पण थोरल्या भावानं, दादांनी, त्यांना घाटाबाहेर उभं केलं ते केलंच.

यात्रा म्हणजे बाटल्या आल्याच. "यंदा जाऊच नका," मी म्हणाले. डॉक्टरांचंही तेच मत होतं.

"आन् पुढच्या साली? गाव सोडून देऊ का? घरी राहून बरं व्हायचंय म्हणून तर तुमच्याकडं आलो."

त्यांचं मला पटलं. मग आम्ही यात्रेचीच तयारी सुरू केली. कुणी ग्लास पुढे केला तर काय म्हणायचं, जीव कासावीस झाला तर कुणाला हाक मारायची, सगळं घोटून घेतलं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा झाल्यावर मित्रांनी ओढून नेलं आणि ते प्यायले. दुसऱ्या दिवशी केंद्रात आले ते हात खिशात घालून. "पडलो ताई. हिला सांगितलंय, आता तुमाला सांगतोय." पूर्वी प्यायल्यावर घरच्यांना तोंड न दाखवणारा माणूस आपल्या पायांनी येऊन समोर उभा होता. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की तसं बोलूनच दाखवलं. "काय राव ताई," ते ओशाळून हसले, "पिल्यावर शाबासकी!"

चैत्रात यात्रेला मीही गेले. धुरळा आणि हलगीचा कडकडाट. बबनरावांच्या घरच्या गाड्याचं नाव पुकारलं गेलं. बबनराव दादांसमोर गेले आणि माझ्यापुढे धरायचे तसे दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. दादा त्या हातांकडे बघत राहिले. मागून लोक ओरडत होते, तरी दादांनी नजर हलवली नाही. मग त्यांनी कासरा भावाच्या हातात दिला. "पाखऱ्या तुझ्याकडं. सोडू नगंस."

त्यांनी सोडला नाही. बैल नाचत होता, मान झटकत होता, आणि बबनराव त्याच्या कानाशी काहीतरी बोलत खंबीर उभे होते. गाडा सुटला. नंबर काही आला नाही, पण संगीता आणि मी पहिला आल्यासारख्या ओरडलो. तेवढ्यात टेम्पोमागून कुणीतरी हाक मारली, "भावा, आज तर घ्यावीच लागंल!"

"न्हाई राव," बबनराव म्हणाले. "आज बैलं मलाच घरी न्यायचीत."

पुढच्या संध्याकाळी ते केंद्रात आले आणि सरळ खुर्चीवर बसले. हात पुढे केलेच नाहीत. शेवटी मीच विचारलं, "हात?"

"दादानं बघितलं ताई," ते म्हणाले. "आता तुमी न्हाई बघितलं तरी चालंल."