तोमिएचे गंजके हात

कोणाच्या हाताला यश असतं, कोणाच्या हाताला चव. तोमिए उशियामाच्या हाताला गंज होता. ही काही शिवी नव्हे. सुवा तळ्याकाठच्या कोहान घड्याळ कारखान्यात तो रीतसर शेरा होता, आणि एकदा बसला की पुसायची सोय नव्हती.

कारखाना रेशमाच्या जुन्या गिरणीत थाटलेला. युद्धात बॉम्ब चुकवायला तोक्योहून यंत्रं या डोंगरात आणली. युद्ध संपलं, यंत्रं परत गेली नाहीत. रेशमाची सद्दी तर आधीच संपली होती. ज्या बायकांनी उकळत्या पाण्यात बोटं घालून कोशाच्या धाग्याचं टोक शोधलं, त्यांच्याच पोरी आता बारीक बारीक स्क्रूंशी झटू लागल्या. तोमिएची आई सुए गिरणीतलीच. "आमच्या घराण्यात बोटं चांगली," असं ती चारचौघांत सांगायची, म्हणून पुढचं तिला जास्तच झोंबलं.

जोडणीच्या दालनाचे प्रमुख होते फुजिमोरीसान. नवी मुलगी आली की ते तिच्या मुठीत पोलादाची चकचकीत पट्टी देत, थोडा वेळ घट्ट धरायला लावत आणि पट्टीला नाव चिकटवून कपाटात टाकत. काहींचा घामच असा असतो की तो पोलादाला लागला की तिथे तांबूस ठसा उठतो. घड्याळाच्या पोटात असा ठसा उठला की ते घड्याळ कामातून गेलं. आठवड्याभराने कपाट उघडलं तेव्हा तोमिएच्या पट्टीवर चारही बोटं उमटली होती.

"गंजका हात," फुजिमोरीसान म्हणाले. "तू पॅकिंगला जा."

त्या आठवड्यात एक गोष्ट घडली नसती, तर ती निमूट गेली असती आणि पुठ्ठ्याच्या डब्यांत सुखाने रमलीही असती. पण पट्टी कपाटात असताना नव्या मुलींना दालनात उभं राहून काम बघायला मिळायचं. तिथे मात्सुयो नावाच्या मुलीने तोमिएच्या डोळ्याला भिंग लावून दिलं. घड्याळाचं यंत्र मेल्यासारखं निपचित पडलं होतं. मात्सुयोने केसाएवढ्या स्प्रिंगचं तोलचक्र, म्हणजे घड्याळाचा ठोका धरणारं चाक, आत ठेवलं, आणि कोणी धक्काही न देता ते आपोआप झुलायला लागलं. तोमिएच्या अंगावर काटा आला. हे मला करायचंय, असं तिने मनाशी ठरवलं. सुवाच्या मुलींचं ठरवणं म्हणजे काय असतं ते आम्हा सुवाकरांना विचारा. थंडीत तळं गोठतं, पण ते निदान मार्चमध्ये वितळतं.

पॅकिंगच्या ओकिनुबाई तोंडाने फटकळ. "इथे निर्धास्त राहा," त्या म्हणाल्या, "पुठ्ठ्याला गंज चढत नाही."

आधी तोमिएने हात बदलून बघितले. चहाच्या पाण्यात बुडवले, भाताच्या कोंड्याने घासले. कोणीतरी सांगितलं, खारट बंद कर. तर तिने पाल्याचं लोणचं सोडलं.

"लोणचं सोडलंस?" सुए हातातली वाटी ठेवून म्हणाली. "अगं, या मुलखात लोणचं सोडून माणूस हिवाळा काढतो कसा?"

तिने काढला. हात मात्र होते तसेच राहिले. मग बोटांना रबराच्या टोप्या घालायची परवानगी मागायला ती फुजिमोरीसानकडे गेली.

"जिभेला फडकं गुंडाळून सूप चाखतेस का?" ते म्हणाले. "चाक नीट बसलं की नाही, ते बोटाला कळतं. डोळ्यालासुद्धा नंतर कळतं."

माणूस वाईट नव्हता. त्या वर्षांत कारखान्याच्या अंगात वारं संचारलं होतं: स्विस घड्याळांची नक्कल पुरे, आपली स्प्रिंग आपण ओढायची, आपला धातू आपण वितळवायचा, आणि एक दिवस युरोपातल्या वेधशाळांच्या अचूकतेच्या स्पर्धेत आपलं घड्याळ मांडायचं. असल्या दिवसांत एक गंजकं बोट सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवेल, ही भीती खोटी नव्हती. पण तोमिएने त्यांच्या बोलण्यातून वेगळाच अर्थ काढला. हात बदलत नाहीत, तर हात लावणंच बंद करायचं. बोटाचं काम दुसऱ्या चिमट्याने करायचं. एक उजव्या हातात, एक डाव्या.

डावा हात ऐकेना. मग तिने जेवणच डाव्या हाताने सुरू केलं. उकडलेले सोयाबीन जेवायच्या काड्यांनी उचलायचे. निसटून सगळ्या चटईभर व्हायचे.

"तुला सून करून कोण घेईल?" सुए कपाळाला हात लावून म्हणायची.

"डाव्या हाताने जेवणारा कोणीतरी घेईल," तोमिए म्हणायची आणि चटईवरचा दाणा काडीनेच उचलायची.

मधल्या सुट्टीत ती भंगारात काढलेली यंत्रं खोलून जोडत बसे. अशी दोन वर्षं गेली. मग एका मे महिन्यात ती सगळ्या दालनासमोर फुजिमोरीसानपुढे उभी राहिली.

"मी तुमच्या डोळ्यांदेखत एक घड्याळ जोडते. पावसाळी दिवस संपेपर्यंत ते तुमच्या कपाटात ठेवा. आत गंजाचा एक ठिपका निघाला तर जन्मभर डबे भरीन. नाही निघाला तर मला इथे जागा द्यायची."

"जागा कुठाय इथे?" मात्सुयो म्हणाली. ते खरंच होतं. दालनातलं एकही टेबल रिकामं नव्हतं.

"ते नंतर बघू," फुजिमोरीसान म्हणाले. "जोड."

तिने जोडलं. एकाही तुकड्याला बोट लावलं नाही. मात्सुयोच्या हातून तेवढ्या वेळात तीन झाली असती, आणि ती गप्प बसणारी नव्हती. "चिमटे लावून काढतेयस? सुईण आहेस की काय?" सगळ्या हसल्या. तोमिएने शेवटचं तोलचक्र ठेवलं आणि ते झुलायला लागलं तशी हसणं आपोआप थांबलं. फुजिमोरीसाननी स्वतः झाकण लावून घड्याळ कपाटात ठेवलं. किल्ली त्यांच्या कमरेला.

त्या वर्षी हवा अशी दमट होती की भिंतींनासुद्धा बुरशी धरली. कपाट उघडलं ते सप्टेंबरात. फुजिमोरीसाननी झाकण काढलं, भिंग लावलं आणि बराच वेळ वाकूनच राहिले. शेवटी मात्सुयोने मान पुढे घातली. चावीच्या मोठ्या दातेरी चाकावर तपकिरी ठसा होता. अख्ख्या अंगठ्याचा.

"लागला की गं," मात्सुयो हळूच म्हणाली. चिडवायची वेळ नव्हती हे तिलाही कळत होतं.

दोन वर्षं तोमिएच्या डोळ्यांपुढून गेली. पण तिने चाकाला अंगठा लावलाच नव्हता. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं.

"हा माझा नाही," ती म्हणाली.

फुजिमोरीसाननी डोळ्यावरचं भिंग काढलं. "नाही," ते म्हणाले. "माझा आहे."

कोणाला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. जुलैत त्यांना राहवलं नाही. पोरीने न शिवता जोडलंय, तर बसलंय कसं, हे बघायला त्यांनी झाकण काढलं आणि सवयीने चाक अंगठ्याने फिरवून बघितलं. तीस वर्षं त्या अंगठ्याने कधी डाग सोडला नव्हता. वसंतात ते आजारी पडले, औषधं चालू झाली, आणि तेव्हापासून तळव्यांना घाम सुटत होता. तो घाम आता असला आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"मात्सुयो," ते म्हणाले, "ऑगस्टमध्ये गंजून परत आलेल्या घड्याळांवरून मी तुला सगळ्यांसमोर बोललो. ती शेवटी माझ्याच हाताखालून गेली होती." त्यांनी तिच्यापुढे कमरेत वाकून माफी मागितली.

मग ते आपल्या टेबलाशी गेले आणि हत्यारं गोळा करून फडक्यात बांधायला लागले. नियम त्यांचाच होता आणि ते दुसऱ्याला एक, आपल्याला एक असं करणारे नव्हते.

"तोमिए, हे टेबल तुझं," ते म्हणाले. "मी पॅकिंगला जातो."

दोन वर्षं जिचा ध्यास घेतला, ती जागा समोर चालून आली होती. दालनातलं सर्वांत चांगलं टेबल, खिडकीशेजारचं. तोमिएने फडक्यावर हात ठेवला.

"बसा," ती म्हणाली.

"नियम म्हणजे नियम, पोरी."

"तो नियम चुकीचा आहे हे दाखवायला मी दोन वर्षं डाव्या हाताने जेवले. आज तुम्ही उठून गेलात तर नियम खरा ठरेल. मग मी इथे बसून करू काय? मला तुमची जागा नकोय, फुजिमोरीसान. मला माझी हवी आहे."

एवढं बोलल्यावर तिला रडू फुटलं, पण हात तिने उचलला नाही. दुसऱ्या हाताने खिशातला जास्तीचा चिमटा काढला आणि त्यांच्या डाव्या हातात दिला.

पुढे दहा-बारा वर्षांनी तोलचक्राचीच सद्दी संपली. स्फटिकाच्या कंपनावर चालणारी घड्याळं आली. त्यांच्या पोटातल्या तारांना कोणाच्याच बोटाचा घाम खपेना, कोरड्या हातांचासुद्धा. यंत्राला बोट लावायचं नाही, असा वरून हुकूम निघाला. इतर दालनं कुरकुरली. जोडणीवाल्या बायकांनी दोन-दोन चिमटे उचलले आणि कामाला लागल्या. त्यांना त्यात नवं काहीच नव्हतं.

पण त्या सप्टेंबरात हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तेव्हा दालनात एवढंच दिसत होतं की एक वयस्क माणूस डाव्या हातातल्या चिमट्याकडे अवघडून बघतोय. मग त्यांनी फडक्याची गाठ सोडली. हत्यारं एकेक करून टेबलावर मांडली, पण पहिल्यासारखी सगळीकडे नाही. सगळी डाव्या अर्ध्या भागात, दाटीवाटीने. उजवा अर्धा भाग फडक्याने पुसून मोकळा केला.

तोमिए पॅकिंगमधून आपलं स्टूल घेऊन आली आणि तिथे बसली.