जिथून छपरं दिसत नाहीत

चामोर्शीच्या शाळेत मी संस्कृत शिकवते. वेदांची रचना हा दरवर्षीचा हमखास प्रश्न. फळ्यावर चार खाने आखते आणि लिहून देते. आधी संहिता, म्हणजे मंत्र. मग ब्राह्मणे, म्हणजे यज्ञात ते मंत्र कुठे नि कसे वापरायचे ते. मग आरण्यके, रानात बसून म्हणायची. शेवटी उपनिषदे, तिथे यज्ञ मागे पडतो आणि माणूस प्रश्न विचारू लागतो. मुलं मुकाट उतरवून घेतात. शाळेत संस्कृत येणारी मी एकटीच, त्यामुळे वासरांत लंगडी गाय शहाणी. आमच्या घरी मात्र वेद कधी खान्यांत नव्हते, ते बाबांच्या तोंडात होते.

बाबा नदीकाठच्या आमच्या गावात देवळाची पूजा करायचे आणि रोज सकाळी वेद म्हणायचे. वेद कुणी लिहिले, असं विचारणं त्यांच्या लेखी अडाणीपणाचं. कुणी लिहिलेच नाहीत, ऋषींना ते दिसले. मग एका ऋषीनं त्यांचे चार भाग करून चार शिष्यांना वाटून दिले, त्यांनी आपल्या शिष्यांना दिले, आणि शाखा फुटत गेल्या. ज्या शाखेचा शेवटचा म्हणणारा गेला ती शाखा संपली. पोथी उरली तरी संपलीच, असं बाबा म्हणत. पोथीत पाहून म्हणणाऱ्याला ते हिशेबातच धरत नसत.

म्हणायला त्यांना जोडीदार लागे. अर्धं एकानं म्हणायचं, पुढचं अर्धं दुसऱ्यानं उचलायचं. बाबांचे जोडीदार होते मागच्या गल्लीतले एक काका. दोघं ओसरीवर समोरासमोर बसत आणि मी आत आईच्या हाताखाली पीठ मळत असे. भिंतीतून येता येता काकांचं अर्धंही मला पाठ होऊन गेलं. एकदा धीर करून म्हटलं, "बाबा, मले शिकवा ना."

"पोरींयले नाई शिकवत," बाबा म्हणाले. "आयकून राह्यली ना? आयकाले कोण मनाई करते?"

वेदांना श्रुती म्हणतात, म्हणजे ऐकलेलं. त्या हिशेबानं आमच्या घरातली खरी वैदिक मीच, असं मी आईला म्हणायची आणि आई पदराआड हसायची. पण मला राग आला होता आणि तो अजून आहे. एकदा, फक्त एकदा, मला त्यांच्या पुढ्यात बसायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

एक भाग तेवढा माझ्या कानावर कधी आला नाही. आरण्यक घरात म्हणायचं नसतं. जिथून गावातली छपरं दिसत नाहीत, तिथं जाऊनच म्हणायचं, असा नियम. ठरलेल्या सकाळी बाबा आणि काका खांद्यावर पंचा टाकून, पाण्याचा तांब्या घेऊन जंगलाच्या वाटेला लागत. त्या दिवशी घरात भांड्यांचा तेवढा आवाज असे. आईला ती शांतता आवडायची, मला नाही.

पुढे आई गेली, मग काका गेले. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं काही मोठी नव्हती, राहून गेलं एवढंच. रात्री दोन ताटं वाढायची आणि एकमेकांकडे न बघता जेवायचं, अशी आम्हा दोघांची कितीतरी वर्षं गेली. मग बाबा विसरायला लागले. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, नवं आधी जाईल, जुनं शेवटी. तसंच झालं. त्यांच्या आठवणीतून आधी माझी नोकरी गेली, माझं नाव गेलं, मग मीच गेले. "बाई, थोडा चहा भेटन का?" असं ते मला अदबीनं विचारू लागले. मंत्र मात्र लहानपणी पाठशाळेत घोकलेले, ते जसेच्या तसे. मला त्या मंत्रांचा हेवा वाटायचा. पोटच्या पोरीपेक्षा ते त्यांना जवळचे निघाले.

मी शाळेत शिकवायला गेले की शेजारची एक म्हातारी ढिवरीण बाबांपाशी बसायची. ओसरीवर मासे धरायचं जाळं विणता विणता तिचं लक्ष असे. एका संध्याकाळी बसमधून उतरून घरी आले तर म्हणाली, "बाई, बाबा अर्धंच म्हणते अन् थांबते. दाराकडं पाह्यत राह्यते. कोणाची वाट पाहून राह्यले?"

कोणाची ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा थांबले, तेव्हा मी स्वयंपाकघरातूनच पुढचं अर्धं म्हटलं. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. जणू काका आलेच, अशा खुशीत पुढे निघाले. मध्येच म्हणाले, "आज घसा बसला काय रे तुझा?" मला हसू आलं आणि मग पोळी तव्यावर करपेपर्यंत रडू आलं. त्या दिवसापासून मी रोज काका झाले. आवाज माझा होता, पण तो माझा म्हणून कुणी ऐकत नव्हतं.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी बाबांनी खांद्यावर पंचा टाकला आणि तांब्या उचलला. मी समजले. तशीच चपला घालून मागे धावले. जंगलाकडे आता कुणी एकटं जात नाही, वाघाची पाटी लागली आहे, सरपणाला जाणाऱ्या बायासुद्धा घोळक्यानं आणि मोठ्यानं बोलत जातात. शिवाय जंगल सुरू होतं तिथपर्यंत टिनाची नवी घरं झाली आहेत. बाबा दर वळणावर थांबायचे, मागे पाहायचे आणि मान हलवायचे. "छप्पर दिसते," म्हणायचे. पुढे जाऊ देता येईना आणि ते मागे फिरेनात.

ढिवरीण माशांची टोपली घेऊन नदीकडून येत होती. आमची ओढाताण पाहून म्हणाली, "नदीत उतरा ना, बाई. रेतीत गेलं का दरडीच्या आड एकबी घर नाई दिसत."

मी त्यांना हाताला धरून वैनगंगेच्या रेतीत उतरवलं. बाबांनी गोल फिरून चारी बाजू पाहिल्या. दरड, पाणी, पलीकडे झाडं. समाधानानं मांडी घालून बसले आणि म्हणायला लागले. जन्मात पहिल्यांदा मी तो भाग ऐकत होते. अर्धं झालं. ते थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले.

माझ्याकडे काही नव्हतं. कॉलेजात छापील पुस्तकात वाचलेलं होतं, पण ते वाचलेलं. तिथं ते एकदम पोकळ वाटलं. आता यांचा जोडीदारही गेला, असं मनात आलं आणि मी खाली मान घालून म्हटलं, "मले नाई येत."

बाबा रागावले नाहीत. तेच अर्धं त्यांनी पुन्हा म्हटलं, सावकाश, आणि बोटं दाखवली, दोन. संथा देण्याची ही रीत आहे. गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं दोनदा. मी म्हटलं आणि स्वर चुकला. तेव्हा त्यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला. लहान मुलांना शिकवतात तसं, स्वर खाली जाईल तिथं डोकं खाली दाबलं, वर जाईल तिथं वर उचललं. माझी पन्नाशी उलटली आहे, केस पिकले आहेत. त्या हाताखाली मी तेच अर्धं दोनदा म्हटलं.

"पाठ लवकर होते तुझं," बाबा खूश होऊन म्हणाले. "कोणाच्या घरचा रे तू? बाप काय करते?"

"वेद म्हणतात," मी म्हटलं. "शिकवतातही."

त्यांचा हात डोक्यावरच होता. ते जरा चिडूनच म्हणाले, "मंग त्यानंच काऊन नाई शिकवलं तुले?"

हा प्रश्न मी जन्मभर त्यांना विचारायचा म्हणून राखून ठेवला होता. आता उत्तर द्यायला त्या माणसाला आणू कुठून?

"पुढचं सांगा, गुरुजी," मी म्हटलं.